फ्रीजरातले नव्वद हजार

२००५ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी न्यू ऑर्लिन्सला परतले, तेव्हा शहरात सगळ्यांत आधी नजरेत भरले ते फ्रीज. कॅटरिना वादळाच्या आदल्या दिवशी, म्हणजे २८ ऑगस्टला, आम्ही सगळे दोन-तीन दिवसांचे कपडे घेऊन ह्यूस्टनच्या दिशेने निघालो होतो आणि पाच आठवड्यांनी परत येत होतो; मधल्या काळात शहरात वीज नव्हती आणि बाहेरचे ऊन मात्र नेहमीसारखेच होते. माझे घर दुसऱ्या मजल्यावर असल्याने पाण्यापासून बचावले, पण फ्रीजमध्ये ओल्या नारळाचे दोन डबे, दोन किलो कोळंबी आणि निम्मे दूध तसेच राहिले होते. ज्यांनी फ्रीज उघडण्याची चूक केली होती, ते शेजारी जिन्यातूनच हात हलवून सांगत होते की उघडू नकोस. मग रुपेरी चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे देऊन तो दोघांच्या मदतीने खाली उतरवला आणि रस्त्याच्या मधोमध असलेल्या गवताच्या पट्ट्यावर, ज्याला तिथले लोक ‘न्यूट्रल ग्राउंड’ म्हणतात, इतरांच्या फ्रीजशेजारी उभा केला. मैलच्या मैल पांढऱ्या फ्रिजांची रांग लागली होती. त्यांवर लोकांनी काळ्या रंगाने सरकारला शिव्या लिहिल्या होत्या, आणि काही शिव्या खरोखर विनोदी होत्या.

या रांगेकडे पाहताना शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, “बेबी, या शहराच्या वाट्याचा एकच फ्रीज शाबूत आहे, आणि तो वॉशिंग्टनला आहे.” न्यू ऑर्लिन्समध्ये दुकानदारापासून बसचालकापर्यंत सगळेच एकमेकांना ‘बेबी’ म्हणतात, तेव्हा त्यात काही विशेष नव्हते, विशेष होते ते त्या फ्रीजमध्ये. वादळाच्या पावणेचार आठवडे आधी, ३ ऑगस्टला, एफबीआयने आमच्या मतदारसंघाचे डेमोक्रॅटिक खासदार विल्यम जेफरसन यांच्या वॉशिंग्टनमधील आणि न्यू ऑर्लिन्समधील घरांवर छापे घातले होते आणि वॉशिंग्टनच्या घरातील फ्रीजरात नव्वद हजार डॉलर रोख सापडले होते. पुढच्या वर्षी एफबीआयचे शपथपत्र उघड झाले तेव्हा तपशील कळले. दहा-दहा हजारांच्या गड्ड्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या खोक्यांत ठेवल्या होत्या. त्यांतले एक खोके ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थाच्या पारीचे होते आणि एक चक्क शाकाहारी बर्गरचे. आमच्याकडे डाळीच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या आज्या होत्या, त्यामुळे युक्ती मला अनोळखी वाटली नाही.

नोटांचे क्रमांक एफबीआयकडे आधीपासून होते, कारण त्या नोटा त्यांनीच पुरवल्या होत्या. ३० जुलै २००५ रोजी व्हर्जिनियातील एका पंचतारांकित हॉटेलबाहेर जेफरसन यांनी एका गुंतवणूकदार महिलेकडून शंभर डॉलरच्या नोटांनी भरलेली, एक लाख डॉलरची ब्रीफकेस घेतली, आणि ती महिला अंगावर ध्वनिमुद्रण यंत्र लावून एफबीआयसाठी काम करत होती. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार ही रक्कम नायजेरियाच्या तत्कालीन उपराष्ट्राध्यक्षांना लाच म्हणून द्यायची होती, कारण केंटकीतल्या एका छोट्या तंत्रज्ञान कंपनीला त्या देशात इंटरनेटचे कंत्राट हवे होते आणि त्या व्यवहारात खासदारसाहेबांचा, कुटुंबाच्या नावावरच्या कंपनीमार्फत, वाटा ठरलेला होता.

जेफरसन हे काही उपटसुंभ पुढारी नव्हते. लुइझियानाच्या उत्तरेकडील लेक प्रॉव्हिडन्स या अतिशय गरीब गावात, दहा भावंडांच्या घरात १९४७ साली जन्मलेला हा मुलगा हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयापर्यंत गेला आणि १९९० मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आला. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ संपल्यापासून लुइझियानातून काँग्रेसमध्ये गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय सदस्य होता. (काँग्रेस म्हणजे इथे अमेरिकेची संसद. हा खुलासा मला जळगावला दर फोनमध्ये करावा लागे.) कर आणि व्यापाराचे सगळे कायदे ज्या समितीतून जातात, त्या ‘वेज अँड मीन्स’ समितीत ते बसत होते. आणि तरीही शहरात त्यांचे टोपणनाव ‘डॉलर बिल’ होते: विल्यमचे बिल, आणि बिल म्हणजे नोट. हे नाव फ्रीजरच्या कितीतरी वर्षे आधीचे आहे, म्हणजे लोकांना काहीच ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही.

फ्रीजरवरून लोकांचे लक्ष कॅटरिनाने उडवले. छाप्याची बातमी मुरायच्या आतच बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी कोणाच्या फ्रीजरात काय होते याची चौकशी कोण करणार? पण जेफरसन यांनी स्वतःच पुन्हा लक्ष वेधून घेतले. २ सप्टेंबरला, लोक अजून छपरांवर अडकलेले असताना, नॅशनल गार्डच्या लष्करी ट्रकमधून ते आपल्या घरी गेले. ट्रक थांबवून ठेवला, आणि तीन सुटकेस, एक लॅपटॉप आणि एक मोठे खोके बाहेर आणले. तोवर ट्रक चिखलात रुतला होता आणि त्यांना आणायला दुसरा ट्रक पाठवावा लागला. बातमीदाराने त्या खोक्याचे वर्णन ‘लहानशा फ्रीजएवढे’ असे केले होते. काही माणसांच्या नशिबी एखादी वस्तू पाठ न सोडणारी असते.

त्याच वर्षी डिसेंबरात बाबांचा फोन आला. भारतात छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार १२ डिसेंबरला दूरचित्रवाणीवर दिसले होते आणि २३ डिसेंबरला संसदेने अकरा जणांना बडतर्फही केले होते. त्यांत आमच्या जिल्ह्यातले जळगाव आणि एरंडोल हे दोन्ही मतदारसंघ होते, त्यामुळे गावात दुसरा विषय नव्हता. बाबांना आमच्या खासदाराची गोष्ट मीच सांगितली होती. “आपल्याकडच्यांनी काही हजार घेतले तर अकरा दिवसांत घरी बसवले,” ते म्हणाले, “आणि तुमचा तो फ्रीजवाला अजून आहेच का गं?” होता. आरोपपत्र दाखल झालेले नव्हते, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारासाठी फक्त तीन अटी आहेत: वय पंचवीस पूर्ण, सात वर्षांचे नागरिकत्व, आणि ज्या राज्यातून निवडणूक लढवायची तिथले रहिवासी असणे. आरोपी असणे तर सोडाच, तुरुंगात असणेही आड येत नाही. सभागृहाला दोन तृतीयांश मतांनी सदस्याला काढून टाकता येते, परंतु ते हत्यार फार क्वचित उपसले जाते. २००२ मध्ये ओहायोच्या जेम्स ट्रॅफिकंट यांना काढले, तेही न्यायालयाने दोषी ठरवल्यानंतर. बाकी सारे मतदारांवर सोडलेले असते. कोणती पद्धत बरी, यावर बाबांचे आणि माझे त्या फोनवर एकमत झाले नाही, आणि आजही माझे स्वतःशी झालेले नाही.

२० मे २००६ हा शनिवार मला विलक्षण वाटतो. त्या दिवशी न्यू ऑर्लिन्समध्ये महापौरपदाची अंतिम फेरी होती आणि संध्याकाळी रे नेगिन पुन्हा निवडून आले. पुढे २०१४ मध्ये तेही लाचखोरीसाठी दोषी ठरले आणि दहा वर्षांची शिक्षा घेऊन बसले. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये एफबीआयची माणसे रेबर्न इमारतीतील जेफरसन यांच्या कार्यालयात शिरली आणि रविवारी दुपारपर्यंत, सुमारे अठरा तास, कागद चाळत बसली. अमेरिकेच्या दोनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात काँग्रेसच्या सदस्याच्या कार्यालयावर पडलेला हा पहिला छापा होता. त्यावर रिपब्लिकन सभापती डेनिस हॅस्टर्ट आणि डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पलोसी, ज्यांचे एरवी हवामानावरही एकमत होत नसे, एकत्र येऊन निषेध करू लागले. संसद सदस्याच्या कामकाजाला घटनेने दिलेले संरक्षण मोडले, असे त्यांचे म्हणणे होते, आणि २००७ मध्ये अपील न्यायालयाने ते बऱ्याच अंशी मान्य केले. आपल्याकडेही १९९८ च्या निकालाने सभागृहातल्या मतासाठी घेतलेल्या लाचेला असेच कवच दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले थेट मार्च २०२४ मध्ये. पलोसीबाईंनी मात्र निषेधाबरोबर दुसरे कामही केले. ‘भ्रष्टाचाराची संस्कृती’ हा निवडणुकीचा मुद्दा करून आणि दलदल उपसण्याची भाषा बोलत त्या रिपब्लिकनांवर चाल करून जात होत्या, आणि स्वतःच्या पंक्तीत हा गोठवलेला ऐवज बसलेला परवडणारा नव्हता. जूनमध्ये जेफरसन यांना ‘वेज अँड मीन्स’ समितीतून काढण्यात आले. (दलदल उपसायची भाषा लुइझियानाच्या माणसाविरुद्ध वापरायची म्हणजे गंमतच. आमचे अर्धे राज्य दलदलीवर वसले आहे.)

आजीबाई निवृत्त शिक्षिका होत्या. चाळीस वर्षे त्यांनी मुलांना गणित शिकवले होते, आणि नव्वद हजार म्हणजे किती हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीआधी न्यूट्रल ग्राउंडवर, जिथे वर्षापूर्वी फ्रीज उभे होते तिथेच, उमेदवारांचे फलक रोवले गेले. आजींच्या पायरीशी जेफरसन यांचा फलक होता. मी विचारलेच. त्यांनी रागावून नाही, पण वर्गात दोनदा सांगावे लागल्यासारखे सांगितले: “बेबी, हे सरकार पाच दिवस कन्व्हेन्शन सेंटरवर अडकलेल्यांना पाण्याची बाटली पोहोचवू शकले नाही. आमची माणसे खुर्चीत बसल्या जागी मेली. त्याच सरकारला रात्रभर जागून एका काळ्या माणसाची कपाटे उपसायला मात्र अठरा तास मिळाले. त्याने पैसे घेतले असतील. कोर्ट बघेल. पण त्याला काढायचा की ठेवायचा हे मी ठरवणार, ते नाही.” माझ्याकडे मत नव्हते, मी कामाच्या व्हिसावर होते. ज्याला मत नाही त्याला स्वच्छ उमेदवाराचा आग्रह धरणे किती सोपे असते, हे मला त्या पायरीवर बसून पहिल्यांदा जाणवले.

आपल्याकडे ‘खातो, पण काम करतो’ असे म्हणतात. लुइझियानात याच धर्तीची एक गाजलेली चिठ्ठी आहे. १९९१ मध्ये राज्यपालपदासाठी एकीकडे एडविन एडवर्ड्स होते, ज्यांच्या सचोटीबद्दल त्यांच्या समर्थकांनाही भ्रम नव्हता, आणि दुसरीकडे कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयद्वेष्ट्या संघटनेचा माजी म्होरक्या डेव्हिड ड्यूक. तेव्हा मोटारींच्या मागे चिठ्ठ्या लागल्या: ‘चोराला मत द्या, हे महत्त्वाचे आहे.’ दगडापेक्षा वीट मऊ, याचा इतका प्रामाणिक अनुवाद मी दुसरा पाहिलेला नाही. एडवर्ड्स जिंकले आणि पुढे काही वर्षांनी खंडणीच्या प्रकरणात खरोखरच तुरुंगात गेले. तेव्हा ज्यांनी तशी चिठ्ठी लावली त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

जेफरसन यांच्यासमोर मात्र ड्यूक नव्हता. लुइझियानात त्या वेळी सर्व पक्षांचे उमेदवार एकाच फेरीत उतरत आणि कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत अंतिम फेरी होई. ७ नोव्हेंबर २००६ रोजी जेफरसन यांना तीस टक्के आणि राज्याच्या विधानसभेतील सदस्या कॅरन कार्टर यांना बावीस टक्के मते मिळाली. कार्टर त्याच पक्षाच्या, कृष्णवर्णीय आणि तरुण होत्या, आणि राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांनाच पाठिंबा दिला होता. म्हणजे विटेशेजारी चांगली मऊ उशी ठेवलेली होती. तरी ९ डिसेंबरच्या अंतिम फेरीत जेफरसन ५७ विरुद्ध ४३ टक्क्यांनी जिंकले.

देशभरच्या वर्तमानपत्रांनी याचा अर्थ ‘फ्रीजरसह खासदार मंजूर’ असा लावला, पण मते कुठून आली ते पाहिले तर गोष्ट वाकडी होते. न्यू ऑर्लिन्स शहरात ते जेमतेम पुढे होते. त्यांना भरघोस तारले ते मिसिसिपी नदीपलीकडच्या जेफरसन पॅरिशने. (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा, नावसाधर्म्य हा योगायोग.) कॅटरिनानंतर शहरातून चालत निघालेल्या लोकांना याच पॅरिशमधल्या ग्रेट्ना गावाच्या पोलिसांनी पुलावरच अडवून मागे फिरवले होते आणि कार्टर यांनी एका माहितीपटात त्यावर टीका केली होती. त्या टीकेचा राग धरून पॅरिशचे लोकप्रिय शेरिफ हॅरी ली यांनी कार्टर यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. म्हणजे पूरग्रस्तांना पूल ओलांडू न देणाऱ्यांची बाजू घेणाऱ्या उपनगराने, पूरग्रस्त शहराच्या खासदाराला लाचेच्या आरोपासकट पुन्हा दिल्लीला, नव्हे वॉशिंग्टनला, पाठवले. यात फ्रीजरचा प्रश्न मतपेटीपर्यंत पोहोचलाच कुठे?

त्या संध्याकाळी आजींनी मला गंबो दिले, कोळंबीचे आणि भेंडीचे, आणि सोबत मक्याच्या पावाचे दोन तुकडे फॉइलमध्ये गुंडाळून. हातात देताना म्हणाल्या, “फ्रीजरात ठेव, पण एफबीआयला सांगू नकोस.”

४ जून २००७ रोजी आरोपपत्र आले. सोळा कलमे होती. जेफरसन यांनी राजीनामा दिला नाही. पैशांबद्दलचा खुलासा योग्य वेळी देईन, एवढेच ते सांगत राहिले आणि २००८ ला पुन्हा उभे राहिले. या वेळी राज्याने नियम बदलले होते: पक्षांच्या वेगळ्या प्राथमिक फेऱ्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये, आणि मुख्य लढत ४ नोव्हेंबरला, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबर. परंतु १ सप्टेंबरला गुस्ताव्ह वादळ आले. आम्ही पुन्हा गाड्या भरून पळालो. या वेळी मी फ्रीज रिकामा करून आणि दार उघडे ठेवून निघाले. वादळ फारसे बरसले नाही, पण ६ सप्टेंबरची फेरी ऑक्टोबरात गेली, ऑक्टोबरची नोव्हेंबरात, आणि मुख्य लढत ढकलली गेली ६ डिसेंबरला.

एवढ्या एका सरकण्याने काय झाले ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ४ नोव्हेंबरला बराक ओबामांना मत देण्यासाठी शहर रांगा लावून उभे होते. आजी पहाटे घडीची खुर्ची घेऊन गेल्या होत्या. त्याच दिवशी पक्षांतर्गत अंतिम फेरीत जेफरसन यांना नव्वद हजारांहून अधिक मते पडली आणि त्यांनी दूरचित्रवाणीवरील माजी वृत्तनिवेदिका हेलेना मोरेनो यांना सहज हरवले. बत्तीस दिवसांनी, एका शनिवारी, त्यांना जेमतेम एकतीस हजार मते मिळाली. समोरचे रिपब्लिकन उमेदवार अ‍ॅन जोसेफ काओ यांना तेहतीस हजार. काओ सायगावात जन्मलेले, १९७५ मध्ये आठव्या वर्षी आईवडिलांशिवाय अमेरिकेत आलेले, जेझुइट पाद्री होता होता वकील झालेले गृहस्थ होते, आणि काँग्रेसमध्ये निवडून आलेले ते पहिले व्हिएतनामी अमेरिकन ठरले. दुसऱ्या दिवशी मथळे आले की न्यू ऑर्लिन्सने अखेर भ्रष्टाचार नाकारला. रिपब्लिकन पक्षात तर हाच आपला भविष्यकाळ, अशा घोषणा झाल्या. २०१० मध्ये काओ हरले आणि मतदारसंघ होता तिथे, डेमोक्रॅटांकडे, परत गेला.

आजी त्या शनिवारी मतदानाला गेल्याच नव्हत्या. नंतर विचारले तेव्हा म्हणाल्या, “अजून एक होते का? मला वाटले, नोव्हेंबरात सगळे उरकले.” मग थोडे थांबून म्हणाल्या की होते हे माहीत होते, पण थंडी होती आणि या वेळी त्यांना कोणी न्यायला आले नाही, आणि आले असते तरी त्या गेल्या असत्या की नाही हे त्यांना सांगता येत नाही. मला वाटते, सगळ्या विश्लेषणात न सापडलेले उत्तर एवढेच होते. २००६ च्या डिसेंबरात जेफरसन यांना पस्तीस हजारांच्या आसपास मते होती, २००८ च्या डिसेंबरात एकतीस. मधल्या दोन वर्षांत सोळा कलमांचे आरोपपत्र आले आणि हिशेबात फरक पडला तो चार हजारांचा. त्यांचे मतदार उलटले नाहीत. ते घरी राहिले. त्यांतले किती कंटाळ्याने राहिले, किती विसरून, आणि किती जणांनी लाजेमुळे खुर्चीतून न उठणे पसंत केले, हे मतपेटी सांगत नाही. मी मात्र आजींचे ते थांबणे पाहिलेले आहे. डागाळलेल्या आपल्या माणसाविरुद्ध बटण दाबणे अनेकांना जमत नाही, कारण ते बटण त्याच्याबरोबर आपल्या बाजूवरही पडते. घरी राहणे जमते. कॅटरिनाने जेफरसन यांचा फ्रीजर झाकला आणि गुस्ताव्हने, फारशी पडझड न करता, त्यांची जागा हिरावून घेतली. नियोजित तारखेला मतदान झाले असते तर ओबामांच्या लाटेत ते निवडून आले असते याविषयी शहरात मला भेटलेल्या कोणालाच शंका नव्हती.

खटला २००९ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियात चालला. ५ ऑगस्टला ज्युरीने सोळांपैकी अकरा कलमांवर त्यांना दोषी ठरवले आणि नोव्हेंबरात तेरा वर्षांची शिक्षा झाली; लाचखोरीसाठी काँग्रेसच्या कोणाही सदस्याला तोवर झालेली ती सर्वांत मोठी शिक्षा होती. आजींनी निकाल रेडिओवर ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन माझ्याकडे आल्या, कारण एक गोष्ट त्यांना पटत नव्हती. परदेशी अधिकाऱ्याला लाच देण्याविषयीचे जे कलम होते, ज्याच्याशी फ्रीजरातल्या त्या नोटांचा संबंध होता, त्यातून जेफरसन सुटले होते. “म्हणजे सगळ्या देशाने ज्या पैशांवर विनोद केले,” त्या चष्मा काढत म्हणाल्या, “तेवढेच सोडून बाकी सगळ्यासाठी तो आत चालला?” मी म्हटले, कागदावर तसेच दिसते. गणिताच्या बाईंना ते उत्तर आवडले नाही.

२०१२ मध्ये ते तुरुंगात गेले. २०१६ मध्ये व्हर्जिनियाच्या माजी राज्यपालांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लाचेचा गुन्हा ठरण्यासाठी लागणाऱ्या ‘अधिकृत कृती’ची व्याख्या आवळली, आणि त्या निकालाच्या आधारे ऑक्टोबर २०१७ मध्ये, ज्या न्यायाधीशांनी तेरा वर्षे ठोठावली होती त्यांनीच उरलेल्या दहांपैकी सात कलमे रद्द करून त्यांना सोडले. साडेपाच वर्षांत सुटका झाली.

ती बातमी मी जळगावच्या घरी वाचली. दिवाळीसाठी आले होते आणि आईने साफसफाईला काढलेल्या फ्रीजरातला बर्फ सुरीने खरवडत होते. बाबा पलीकडे पेपर वाचत बसले होते.

“तो फ्रीजवाला सुटला,” मी म्हणाले.

“हो का?” त्यांनी पान उलटले. “मग परत उभा राहील.”

“बाबा, सत्तर वर्षांचा झालाय तो.”

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “मग काय झालं?” म्हणाले, आणि पुन्हा पेपरात शिरले.